मोराबंदरचा वहन आकार: एका लाइट बिलाचं प्रकरण

डिसेंबर 2024 मध्ये आत्या डोळे तपासायला नेरूळला आमच्याकडे आली. पिशवीत डॉक्टरांचे कागद होते आणि त्यांच्यात नीट घडी घातलेली दोन लाइट बिलं. चहा होईपर्यंतही ती थांबली नाही. बिलं माझ्यापुढे पसरून एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये वाच. वहन आकार. दर्यातून वीज वाहून आनल्याचं पैसं लावलेत आमाला. आनि आता वाढवलेत पन."

आत्याचं घर घारापुरी बेटावर, मोराबंदरला. मी नेरूळच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप, लिफ्ट यांची बिलं दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात, म्हणून घरातल्या कुणाचंही बिल फुगलं की ते माझ्याकडे येतं. पण या वेळचा प्रश्न नुसत्या रकमेचा नव्हता. आत्याला चोरी झाल्यासारखं वाटत होतं, आणि तिच्या हातात पुरावा होता. आधीच्या बिलात वहन आकार होता 107 रुपये 64 पैसे. नव्या बिलात 313 रुपये 56 पैसे. समुद्राखालची केबल तीच, घर तेच, मग वाहून आणल्याचे पैसे तिप्पट कसे?

तिचा तर्क अजिबात वेडगळ नव्हता. "वहन" म्हणजे वाहून नेणं. बेटावरच्या माणसाला हा शब्द दिसला, तर त्याच्या डोळ्यापुढे आधी पाणीच येणार. गावात एक-दोघांनी तसंच सांगितलंही होतं. म्हणून मी हे प्रकरण मुळापासून उलगडायचं ठरवलं, कारण "तसं काही नसतं गं" एवढं सांगून तिची समजूत पटली नसती आणि ती पटूही नये.

दोन्ही किनाऱ्यांवर उजेड, मध्ये अंधार

ज्यांनी घारापुरी फक्त लेण्यांसाठी पाहिली आहे, त्यांना तिथल्या तीन वस्त्यांची फारशी कल्पना नसते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. ग्रामपंचायत घारापुरी, तालुका उरण, जिल्हा रायगड. बेटाच्या वायव्येला ट्रॉम्बे, तिथलं औष्णिक वीज केंद्र 1956 पासूनचं. पूर्वेला न्हावाशेवा, तिथलं बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून रात्रभर दिवसासारखा उजेड. खुद्द उरण तालुक्यात, म्हणजे आत्याच्या तालुक्यात, 672 मेगावॅटचं गॅसवर चालणारं वीज केंद्र 1980च्या दशकापासून उभं आहे. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना बेटावरच्या घरांत दिवे लागायचे ते संध्याकाळी साधारण 7 ते 10, पर्यटन महामंडळाच्या डिझेल जनरेटरवर. आत्याच्या घरी या तीन तासांचं वेळापत्रक ठरलेलं होतं. आधी मुलांचा अभ्यास, मग मोबाइलचं चार्जिंग, मग टीव्ही. जेवणं पुन्हा चिमणीच्या उजेडात.

22 फेब्रुवारी 2018 रोजी हे संपलं. महावितरणने समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेट राज्याच्या जाळ्याला जोडलं. खर्च सुमारे 25 कोटी रुपये, काम साधारण 15 महिने, त्यातले तीन महिने नुसती केबल टाकण्यात गेले. तिन्ही वस्त्यांत एकेक ट्रान्सफॉर्मर बसला, दिव्यांचे 13 मीटर उंचीचे सहा मनोरे उभे राहिले, आणि सुमारे 200 घरांना स्वतःचं मीटर मिळालं. त्या रात्री आत्याने फोन केला आणि काहीच बोलली नाही, फक्त मागे पंख्याचा आवाज ऐकवला. तो फोन मी अजून विसरलेलो नाही.

बेटावर आज घरगुती विजेसाठी काही जाळलं जात नाही. कोयनेचं पाणी, चंद्रपूरचा कोळसा, उरणचा गॅस, सौर प्रकल्प, केंद्राच्या वाट्याची वीज, हे सगळं एकाच जाळ्यात मिसळतं आणि त्यातलंच मोराबंदरच्या पंख्यापर्यंत पोचतं. माझ्या नेरूळच्या पंख्यापर्यंतही तेच. डिझेलच्या दिवसांत बेटाची वीज वेगळी होती. आता ती वेगळी उरलेली नाही, आणि आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच वाक्यात आहे. पण तिला ते कागदावर दिसायला हवं होतं.

दोन बिलं शेजारी शेजारी

मी माझं मे महिन्याचं बिल काढलं. उन्हाळा, एसी, 340 युनिट. आत्याच्या जुन्या बिलात 92 युनिट. दोन्ही बिलांवर घरगुती दर सारखेच छापलेले: पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि 500 च्या पुढे 16.64. हे 2024-25 या वर्षाचे दर. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ते ठरवतो आणि ते बदलत राहतात, म्हणून आज आपलं बिल तपासणाऱ्याने ताजे आकडे घ्यावेत. आणि त्याखाली दोन्ही बिलांवर तीच ओळ: वहन आकार, 1.17 रुपये युनिटला.

आत्याने चष्मा लावून माझं बिल दोनदा वाचलं. "नेरूलला कंचा दर्या आला?"

तिथेच गाठ सुटली. वहन आकार म्हणजे महावितरणच्या स्वतःच्या तारांचं भाडं. उपकेंद्रापासून आपल्या मीटरपर्यंतचे खांब, तारा, जमिनीखालच्या केबली, ट्रान्सफॉर्मर, त्यांची देखभाल, हे सगळं राज्यभराचं एकत्र करून युनिटांवर वाटलेलं असतं. नाशिकच्या शेतमळ्यातल्या घराला, ठाण्याच्या 30 मजली इमारतीतल्या फ्लॅटला आणि मोराबंदरच्या कौलारू घराला तो सारखाच. युनिटमागे लागतो, म्हणून युनिट वाढले की रक्कम वाढते. 92 गुणिले 1.17 म्हणजे 107.64, आणि 268 गुणिले 1.17 म्हणजे 313.56. दर कुणी वाढवलेला नव्हता. आत्याचे युनिट वाढले होते.

ठाण्याचं नाव घेतलं म्हणून सांगतो. ठाणे शहराचा मोठा भागसुद्धा बेटावरच आहे, साष्टीच्या. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. पूल इतके झाले की ते बेट आहे हे ठाणेकर विसरून गेले, आणि खाडीवरून येणाऱ्या तारांचे वेगळे पैसे लागतात का, असा प्रश्न तिथे कुणाच्या मनात येत नाही. घारापुरीला पूल नाही, म्हणून आत्याच्या मनात आला.

बेटाने आपलं आपण भरलं असतं तर

आता खरा हिशेब. आत्याला तो मी वहीत मांडून दाखवला, कारण तिच्या शंकेत एक न्यायाचा प्रश्न दडलेला होता. केबलचे पैसे बेटाकडून घेत नाहीत, हे कळलं. घेतले असते तर?

25 कोटी भागिले 200 घरं. दर घरामागे साडेबारा लाख रुपये. आत्याच्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं.

हे एकरकमी कुणी मागणार नाही, म्हणून पुढे गेलो. व्याज शून्य धरू, केबलचं आयुष्य 25 वर्षं धरू, दुरुस्तीही सोडून देऊ. म्हणजे वर्षाला एक कोटी वसूल करायचे. प्रत्येक घर आत्यासारखं महिन्याला 92 युनिट वापरतं असं मानलं, तर 200 घरांचे वर्षाचे युनिट होतात 2,20,800. एक कोटीला या आकड्याने भागा. युनिटला सुमारे 45 रुपये. फक्त केबलचे. त्यात वीज अजून आलेलीच नाही. बेटावर थोडे व्यापारी ग्राहकही आहेत आणि मी धरलेल्या सवलती भरपूर आहेत, तेव्हा हा ढोबळच हिशेब. पण 45 आणि 1.17 यांच्यातलं अंतर अशा बारकाव्यांनी मिटत नाही.

मग डिझेलशी तुलना केली. लहान-मध्यम जनरेटर एका लिटरमध्ये साधारण 3 ते 3.5 युनिट देतो. लिटर 90 रुपयांना धरला, तर युनिटला 26 ते 30 रुपये नुसतं इंधन. म्हणजे घरामागे महिन्याला 92 युनिट वापरणाऱ्या गावापुरतं पाहिलं, तर डिझेल केबलपेक्षा स्वस्त दिसतं! मला स्वतःला हे मांडेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ताळेबंद घेऊन बसणारा कुणीही या आकड्यावर बोट ठेवून बेटाला आणखी 50 वर्षं अंधारात ठेवू शकला असता.

पण केबल आणि डिझेल यांच्या खर्चाची जातच वेगळी आहे. डिझेलचा 100वा युनिट पहिल्याइतकाच महाग, कारण प्रत्येक युनिटाला नवं तेल जाळावं लागतं. केबलचा खर्च एकदाच झाला. त्यातून जितके जास्त युनिट जातील तितका तो पातळ होतो. प्रत्येक घर 268 युनिट वापरू लागलं, तर तेच 45 रुपये साडेपंधरावर येतात. संध्याकाळचे तीन तास वीज देऊन केबल कधीच परवडली नसती. फ्रिज चालेल, शिलाई मशीन चालेल, पर्यटकांना थंड पाणी मिळेल, मुलगा दुपारी संगणकावर बसेल, तेव्हाच ती परवडते. मागणी आधी दाखवा मग केबल टाकू, असं म्हणून चालत नाही. तीन तासांच्या विजेवर फ्रिज कोण घेईल?

आत्याने मग विचारलं, "मंग आमचं बाकीचं कोन भरतं?"

आम्ही सगळे. माझ्या मेच्या बिलात वीज आकार होता 3,111 रुपये आणि वहन आकार 397 रुपये 80 पैसे, म्हणजे युनिटला सरासरी 10.32. तिच्या 92 युनिटांचे तेच दोन आकार मिळून 540 रुपये 96 पैसे, युनिटला 5.88. स्थिर आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क दोघांनाही त्यावर वेगळं. खालचा टप्पा स्वस्त राहतो, कारण वरच्या टप्प्यातले घरगुती ग्राहक, दुकानं आणि कारखाने जास्त दराने भरतात.

कायद्याने दुसरा रस्ताही उघडा ठेवला आहे, हे इथे सांगायला हवं. वीज कायदा 2003 च्या कलम 62 मध्ये ज्या कारणांनी ग्राहकांचे दर वेगवेगळे ठेवता येतात त्यांत वापर, वेळ, विजेचा दाब यांच्याबरोबर "भौगोलिक स्थान" हे कारणही लिहिलेलं आहे. म्हणजे बेटाला वेगळा दर लावायला कायद्याची आडकाठी नाही. तरी महावितरणच्या क्षेत्रात घरगुती दराचे टप्पे सगळीकडे एकच आहेत. मला हे मनापासून योग्य वाटतं, आणि जास्त भरणाऱ्यांच्या बाजूला बसून मी हे म्हणतोय. पोचायला अवघड म्हणून महाग, हा नियम एकदा लावला की तो घारापुरीवर थांबणार नाही. मेळघाटातल्या पाड्यावर जाईल, भामरागडला जाईल. जिथे तार सगळ्यात उशिरा पोचली तिथेच ती सगळ्यात महाग पडेल.

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुज्या बिल्डिंगीतल्या लोकांना ठाव हाय का, त्ये आमचं भरतात त्ये?" मी खरं ते सांगितलं, की बहुतेकांना माहीत नसेल.

मग 268 युनिट गेले कुठे?

वहन आकार निर्दोष सुटला, पण बिल फुगलेलं होतंच. वीज आकार 2,199 रुपये 72 पैसे आणि वहन आकार मिळून 2,513 रुपये 28 पैसे. युनिट तिपटीच्याही आत आणि पैसे साडेचारपटीच्या वर, कारण 100 च्या पुढच्या प्रत्येक युनिटाचा वीज आकार दुपटीहून जास्त होता.

दिवाळीआधी आतेभावाने जुना डीप फ्रीझर घेतला होता. शेतबंदरला लेण्यांच्या वाटेवर त्यांची सरबत आणि पाण्याच्या बाटल्यांची छोटी गाडी आहे. रात्री घरी बाटल्या गोठवायच्या, सकाळी थर्माकोलच्या पेटीतून न्यायच्या. फ्रीझर आला म्हणून बिल वाढलं हे उघड होतं. पण 176 युनिट? मला ते फार वाटले.

आतेभावाला फोनवर एक चाचणी करायला सांगितली. ती कुणालाही करता येते. घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रीझर चालू ठेवायचा आणि मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मीटरवरच लिहिलेलं असतं किती लुकलुकींचा एक युनिट. त्याच्या मीटरवर 3200 होतं. दिवा मिनिटाला 13 वेळा लुकलुकला. तासाला 780, भागिले 3200, म्हणजे तासाला 0.244 युनिट. दिवसाला 5.85. महिन्याला 175.5. जवळजवळ तेवढेच युनिट वाढले होते. आणि गंभीर गोष्ट ही, की अर्धा तास थांबून पुन्हा मोजलं तरी आकडा तोच आला. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता.

मग कागदाची चाचणी. झाकणात कागदाची पट्टी धरून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. रबर चांगलं असेल तर ती अडते. इथे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत अलगद निघून आली. खाऱ्या हवेने रबर कडक होऊन चिरलं होतं. आत बोटभर बर्फ साठला होता, आणि फ्रीझर भिंतीला टेकवून ठेवल्याने मागची गरम हवा कोंडत होती. बेटावर लोखंड आणि रबर फार काळ टिकत नाही. जुनी वस्तू घेताना किमतीआधी हे पाहायला हवं होतं.

मिस्त्रीला होडीने आणायचं म्हणजे त्याचा एक अख्खा दिवस भरून द्यायचा. आतेभावाने उरणहून मापाचं रबर आणलं, गरम पाण्यात मऊ करून स्वतः बसवलं, बर्फ वितळवला, फ्रीझर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. दुपारी उन्हात तापलेल्या बाटल्या लगेच आत न टाकता संध्याकाळी गार झाल्यावर टाकायच्या, हे आत्याने ठरवलं. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवारी रात्री नव्या बाटल्या भरायच्या नाहीत, हेही तिचंच.

जानेवारीचं बिल 171 युनिटांचं आलं. वीज आणि वहन मिळून 1,401 रुपये 66 पैसे. फ्रीझरचा खरा खर्च आता कळला: 92 युनिटांवर 79 जास्त, म्हणजे वीज आणि वहनाचे 860 रुपये 70 पैसे, वीज शुल्क त्यावर. शुल्क धरून दिवसाला साधारण 33 रुपये. एवढे पैसे गार बाटल्यांतून सुटतात का, याचा हिशेब आतेभाऊ आता करू शकतो. आधी करता येत नव्हता.

300 आणि 3600

एक धागा राहिला होता, आणि तो मीच काढला. घरगुती मीटरवर धंद्याचा फ्रीझर चालतो का? गावात कुणीतरी भीती घातली होती की लगेच व्यापारी दर लावतील.

आयोगाच्या दर आदेशात याची सोय आहे. राहत्या घराच्या एका भागातून धंदा करणाऱ्याला घरगुती दरच लागतो, वापर महिन्याला 300 युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण 3600 युनिटांपर्यंत असेल तर. बिघडलेल्या फ्रीझरसह महिन्याला 268 म्हणजे वर्षाला 3,216, मर्यादेच्या आत पण अगदी काठावर. मेच्या उकाड्यात रात्रभर दोन पंखे आणि पर्यटकांची गर्दी, एखादा महिना 300 ओलांडायला वेळ लागला नसता. दुरुस्तीनंतर 171 च्या हिशेबाने वर्ष 2,052 वर थांबतं. चिरलेल्या रबराने नुसते पैसे जात नव्हते, घराचा दरच धोक्यात येत होता.

आत्या आता दर रविवारी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. आठवड्याला 40 च्या आसपास आला तर ठीक, 50 च्या वर गेला तर आतेभावाला आधी झाकणाचं रबर तपासायला लावते.

मार्चमध्ये ती पुन्हा नेरूळला आली, डोळ्यांच्या थेंबांसाठी. शेतबंदरच्या गाडीजवळच स्वतंत्र मीटर घ्यायचा आतेभावाचा विचार चालला आहे, म्हणजे बाटल्या वाहून न्यायला नकोत. तो मीटर घराचा नसेल, व्यापारी दराचा असेल. स्थिर आकार जास्त, युनिटचा दर वेगळा, हे मी तिला समजावत होतो. तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "वहन आकार मातुर त्योच, नाय का? एक रुपया सतरा पैसे."

तोच.